वजनकाटा आणि ताळेबंद : रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लॅव्हाझिए

पावसाळ्यात अंगणात पडून गंजलेला खिळा नव्या खिळ्यापेक्षा हलका असतो की जड? हा प्रश्न घरात विचारून पाहा. बहुतेक जण हलका म्हणतील, कारण गंज लोखंड 'खातो' असेच आपण म्हणतो. पण खिळा आणि त्यावरचा सगळा गंज, एक कणही न सांडता, काट्यावर ठेवला तर वजन वाढलेले दिसते. हे जादा वजन हवेतून आणि ओलाव्यातून आलेले असते.

आज आठवी-नववीच्या मुलाला ठाऊक असलेली ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांना पटायला १७७० नंतरचे दशक उजाडावे लागले. ती पटवून देणारा माणूस दिवसभर कर, जकात, तंबाखू आणि दारूगोळ्याचे हिशेब पाहत असे आणि पुढे एका बँकेचा संचालकही झाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरीची सगळी वर्षे बँकेत गेली. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. तरीही आंत्वान लॉरां लॅव्हाझिए या फ्रेंच माणसाचे चरित्र मला आपल्यातल्याच कुणाचे वाटते. 'दोन्ही बाजू जुळल्याशिवाय उठायचे नाही' हा आपल्या धंद्याचा नियम त्याने निसर्गाला लावला. आणि त्याचा जीव गेला तो ज्या खटल्यात, त्यात हिशेबाच्या वह्या कुणी नीट उघडल्याच नाहीत.

घर आणि शिक्षण

लॅव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घरची परिस्थिती उत्तम. तो पाच वर्षांचा असताना आई वारली. आजी आणि अविवाहित मावशीने त्याला वाढवले. मुलाने वकील व्हावे ही घरच्यांची इच्छा, आणि १७६४ पर्यंत त्याने कायद्याचे शिक्षण पूर्णही केले. पण कॉलेज माझारँमध्ये असताना त्याला गणित आणि खगोलाची गोडी लागली होती. रुएल नावाच्या प्राध्यापकाची रसायनशास्त्रावरची व्याख्याने ऐकायला तो जात असे, आणि गेतार या भूशास्त्रज्ञाबरोबर दगड-माती पाहत हिंडत असे. वकिली त्याने केली नाही.

त्याचे पहिले महत्त्वाचे काम आपल्या ओळखीच्या पदार्थावर आहे. पॅरिसच्या परिसरात जिप्समच्या खाणी होत्या. जिप्सम भाजून केलेली पूड पाण्यात कालवली की थोड्या वेळात दगडासारखी घट्ट होते. हेच ते प्लास्टर ऑफ पॅरिस, ज्याच्या गणेशमूर्तींवरून दर वर्षी आपल्याकडे चर्चा होते. ते घट्ट का होते? लॅव्हाझिएने जिप्सम भाजण्याआधी तोलले, भाजल्यावर तोलले आणि भाजताना निघालेली वाफ थंड करून तपासली. ते साधे पाणी निघाले. पूड पुन्हा भिजवली की तेच पाणी ती परत घेते आणि घट्ट होते. हा निबंध त्याने १७६५ मध्ये सादर केला तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. निबंधातली पद्धत आधी तोला, मग काम करा, पुन्हा तोला, अशी होती. ती त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यांवर दिवे कसे लावावेत यावरच्या निबंधाबद्दल त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ मध्ये, पंचविशीही पुरी झालेली नसताना, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडला गेला.

मक्तेदार

त्याच वर्षी त्याने दुसरे एक पाऊल टाकले. आईकडून आलेल्या वारशातून त्याने 'फेर्म जेनेराल' या संस्थेत वाटा विकत घेतला. ही संस्था म्हणजे कर वसुलीचा मक्ता. श्रीमंतांची एक मंडळी राजाला ठरलेली रक्कम देई आणि मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचा कर गोळा करण्याचा हक्क घेई. वसुली जास्त झाली की वरचा पैसा मक्तेदारांचा. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जात आणि रयत भरडली जाई. फ्रान्समध्ये याहून वेगळे घडत नव्हते. काही प्रांतांत तर प्रत्येक कुटुंबाने ठराविक मीठ विकत घेतलेच पाहिजे अशी सक्ती होती, आणि चोरटे मीठ आणणाऱ्यांना कडक शिक्षा होत असे.

लॅव्हाझिए स्वतः लुबाडणारा नव्हता. तो कामाला वाघ होता आणि भेसळीचा त्याला तिटकारा होता. तंबाखूत राख मिसळून वजन वाढवणारे व्यापारी त्याने रसायनाच्या साहाय्याने ओळखले. राख मिसळलेल्या तंबाखूवर आम्ल टाकले की फसफसून बुडबुडे येतात, शुद्ध तंबाखूत येत नाहीत. पण मक्त्याचा पैसा त्याने घेतला, भरपूर घेतला, आणि त्यातला मोठा भाग प्रयोगशाळेवर खर्च केला. फ्रान्समधल्या उत्तम कारागिरांकडून त्याने तराजू बनवून घेतले. इतके अचूक तराजू तेव्हा फार थोड्यांकडे होते. म्हणजे ज्या काट्यावर नवे रसायनशास्त्र तोलले गेले त्याची किंमत शेवटी मीठ विकत घेणाऱ्या गरिबाने चुकवली होती. त्याचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये.

डिसेंबर १७७१ मध्ये त्याचे लग्न झाले. मुलगी मारी-ॲन, त्याच्याच एका सहकारी मक्तेदाराची, जाक पोल्झ यांची कन्या. तिचे वय अवघे तेरा, त्याचे अठ्ठावीस. तिच्या मागे एक उतारवयाचा सरदार लग्नासाठी लागला होता आणि वरच्या मंडळींचे दडपण होते. त्यातून सुटण्यासाठी वडिलांनी हे स्थळ घाईने ठरवले. आजच्या नजरेला हे लग्न पटणारे नाही. पण त्या मुलीने पुढे जे केले ते थक्क करणारे आहे. ती इंग्रजी शिकली, कारण नवऱ्याला ती भाषा नीट येत नव्हती आणि वायूंवरचे नवे संशोधन इंग्लंडमध्ये चालले होते. प्रसिद्ध चित्रकार दाव्हिद याच्याकडे ती चित्रकला शिकली आणि प्रयोगांच्या उपकरणांची मोजमापासह चित्रे काढू लागली. प्रयोगाच्या वेळी नोंदी लिहिण्याचे काम तिचे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा हा वेळ विज्ञानाचा, मधला सगळा दिवस नोकरीचा, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण प्रयोगशाळेचा, असा त्या घराचा क्रम होता.

उलटा हिशेब

त्या काळी ज्वलनाचा एक सर्वमान्य सिद्धांत होता. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत 'फ्लॉजिस्टन' नावाचे तत्त्व असते, वस्तू जळते तेव्हा ते बाहेर पडते आणि मागे राख उरते, असे मानत. लाकडाच्या बाबतीत हे पटतेही. मोठा ओंडका जळून मूठभर राख राहते, म्हणजे काहीतरी निघून गेले.

अडचण धातूंची होती. कथिल किंवा शिसे हवेत खूप तापवले की त्याचे भस्म होते, आणि ते भस्म मूळ धातूपेक्षा जड भरते. आता फ्लॉजिस्टन बाहेर पडले असेल तर वजन घटायला हवे. खात्यातून रक्कम काढली आणि शिल्लक वाढली, असे कुणी सांगितले तर बँकेतला नवखा कारकूनही मान्य करणार नाही. पण विद्वानांनी तोड काढली. काहींनी तर फ्लॉजिस्टनला उणे वजन बहाल केले.

लॅव्हाझिएला हे खपणारे नव्हते. १७७२ च्या शरद ऋतूत त्याने फॉस्फरस आणि गंधक जाळून पाहिले. दोन्ही जळताना वजनाने वाढले आणि त्यांनी हवा शोषून घेतली. शोधाचा मान हातचा जाऊ नये म्हणून १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने ही माहिती बंद पाकिटात घालून अकादमीच्या स्वाधीन केली.

त्याच वर्षी त्याने आणि इतर काही रसायनशास्त्रज्ञांनी हिरेही तापवून पाहिले. उघड्या हवेत भट्टीत ठेवलेला हिरा नाहीसा होतो हे ठाऊक होते, पण तो वाफ होऊन उडतो की जळतो, यावर वाद होता. एका जवाहिऱ्याने आपले हिरे कोळशाच्या पुडीत घट्ट दाबून, हवा लागणार नाही असे बंद करून दिले. तासन् तास आच देऊनही ते जसेच्या तसे निघाले. म्हणजे हवेशिवाय हिऱ्याला काही होत नाही. तो खरोखर जळतो, आणि जळल्यावर जो वायू मिळतो तो कोळसा जाळून मिळतो तोच. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. बोटातला हिरा आणि शेगडीतला कोळसा दोन्ही एकाच मूलद्रव्याची रूपे, याचा पहिला धागा इथे मिळाला.

१७७४ मध्ये त्याने कथिल आणि शिसे बंद काचपात्रात घालून तापवले. भस्म झाल्यावर, पात्र न उघडता, ते तोलले. एकूण वजन होते तेवढेच. मग पात्र उघडले. बाहेरची हवा आवाज करत आत शिरली आणि आता वजन वाढले. धातूचे वजन जितके वाढले होते जवळजवळ तितकीच हवा आत आली होती. हिशेब जुळला. बाहेर काही गेले नव्हते, पात्रातल्याच हवेचा एक भाग धातूच्या खात्यात जमा झाला होता.

पारा आणि बारा दिवस

पण हवेचा कोणता भाग? ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टले पॅरिसला आला आणि लॅव्हाझिएच्या घरी जेवायला बसला. बोलता बोलता त्याने सांगितले की, पाऱ्याचे लाल भस्म तापवल्यावर एक वायू मिळतो आणि त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते. हा प्रयोग त्याने १ ऑगस्टला केला होता. त्याच सुमारास स्वीडनच्या कार्ल शेलेनेही आपल्या अशाच प्रयोगाविषयी लॅव्हाझिएला पत्र पाठवले होते. पण या दोघांचाही फ्लॉजिस्टनवर विश्वास होता, आपल्या हातात काय लागले आहे ते त्यांना कळले नाही.

लॅव्हाझिएला कळले. त्याने चार औंस पारा एका वाकड्या मानेच्या पात्रात घेऊन सलग बारा दिवस तापवला. आतली हवा सुमारे पन्नास घन इंच होती. ती घटून बेचाळीस-त्रेचाळीसवर आली आणि पाऱ्यावर लाल भस्माचे कण साचले. उरलेल्या हवेत दिवा विझत होता, उंदीर गुदमरत होता. मग त्याने ते भस्म गोळा केले. वजन भरले ४५ ग्रेन. ते अधिक आचेवर तापवले तेव्हा त्यातून साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि सात-आठ घन इंच वायू परत मिळाला. जेवढी हवा हरवली होती जवळपास तेवढीच ही होती. ती उरलेल्या हवेत मिसळली, तर पुन्हा साधी हवा तयार झाली.

हवेतून उचल केलेली रक्कम हवेला परत केली आणि खाते पूर्वीसारखे झाले. यापेक्षा स्वच्छ पडताळणी ती कोणती! या वायूला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले. आपण त्याला प्राणवायू म्हणतो.

मात्र एक नोंद त्याने केली नाही. सुरुवातीच्या लेखनात प्रिस्टले आणि शेले यांच्याकडून आपल्याला काय मिळाले हे त्याने सांगितले नाही. प्रिस्टलेला ते लागले आणि त्याने तसे बोलूनही दाखवले. ग्रेनचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने एवढी मोठी उसनवारी वहीत मांडू नये, हे खटकते. वायू पहिल्यांदा मिळवला तो शेले आणि प्रिस्टलेने, त्याचा अर्थ लावला लॅव्हाझिएने. श्रेय असे वाटले तर कुणावर अन्याय होत नाही.

'ऑक्सिजन' या नावातही एक चूक कायमची राहून गेली आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, असे लॅव्हाझिए समजत होता. हायड्रोक्लोरिक आम्लात तो मुळीच नसतो हे पुढे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने दाखवले. तोवर नाव रुळले होते.

पाणी फोडले

हजारो वर्षे पाणी हे मूलतत्त्व मानले जात होते. आपल्या पंचमहाभूतांतही ते आहे. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाला आढळले की 'ज्वलनशील हवा' जाळली की पाणी तयार होते. जून १७८३ मध्ये ही बातमी पॅरिसला पोचताच लॅव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी तो प्रयोग करून पाहिला. पण लॅव्हाझिएला दुसरी बाजूही तपासायची होती. पाणी जोडून होत असेल तर ते तोडताही आले पाहिजे.

त्यासाठी त्याने बंदुकीची लोखंडी नळी वापरली. नळी तापवून लालभडक केली आणि तिच्यातून पाणी सोडले. पाण्यातला ऑक्सिजन लोखंडाला चिकटला, लोखंड गंजल्यासारखे होऊन जड झाले, आणि पलीकडच्या टोकाने ज्वलनशील वायू बाहेर पडला. नळीचे वाढलेले वजन आणि गोळा केलेल्या वायूचे वजन यांची बेरीज हरवलेल्या पाण्याइतकी. फेब्रुवारी १७८५ मध्ये त्याने हा प्रयोग निमंत्रितांसमोर मोठ्या प्रमाणावर केला आणि दोन्ही वायू जोडून पाणी परत बनवूनही दाखवले. त्या दुसऱ्या वायूला नाव मिळाले हायड्रोजन, म्हणजे पाणी निर्माण करणारा.

श्वासोच्छ्वास हेही एक संथ ज्वलनच आहे, असे त्याने याच काळात मांडले. लाप्लासबरोबर त्याने बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला. किती बर्फ वितळले आणि श्वासातून किती वायू बाहेर पडला, हे मोजून कोळशाच्या ज्वलनाशी ताडून पाहिले. पुढे सेगँ या तरुण सहकाऱ्यावर प्रयोग केले. माणूस श्रम करतो तेव्हा जास्त ऑक्सिजन वापरतो हे आकड्यांत दिसले. यावर त्याने नोंदवलेला विचार मला महत्त्वाचा वाटतो. कष्टकरी माणूस शरीरातले इंधन जास्त जाळतो, म्हणजे त्याला जास्त अन्न हवे, आणि त्यालाच ते कमी मिळते. करांच्या मक्त्यातला वाटेकरी हे लिहीत होता.

नवी नावे, नवी यादी

जुन्या रसायनशास्त्रातली नावे गमतीची होती. शिशाची साखर, अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले. आपल्या बाजारातही मोरचूद आणि हिराकस ही नावे आहेत. ती कानाला बरी वाटतात, पण आत काय आहे ते सांगत नाहीत. १७८७ मध्ये लॅव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्तोले आणि फूर्क्रॉय या चौघांनी नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थ कशाचा बनला आहे हे नावातच दिसले पाहिजे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे आयर्नचे सल्फेट. दोन्हींत सल्फेट आहे, म्हणजे दोन्ही गंधकाच्या आम्लाच्या घरातली, हे ऐकताक्षणी कळते. आज औषधाच्या वेष्टनावरची नावे आपण वाचतो ती याच पद्धतीतून वाढलेली आहेत.

१७८९ मध्ये त्याचा रसायनशास्त्राचा पाठ्यग्रंथ आला. त्यातल्या उपकरणांची चित्रे मारी-ॲनने काढली होती. मूलद्रव्य म्हणजे काय, याचे त्याने दिलेले उत्तर अगदी व्यवहारी आहे. ज्या पदार्थाचे आजवर आपल्याला पृथक्करण करता आलेले नाही ते मूलद्रव्य, आणि उद्या करता आले तर नाव यादीतून काढायचे. अशा ३३ नावांची यादी त्याने दिली. त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस, सोने, चांदी, तांबे, लोखंड आहेत. त्यात प्रकाश आणि उष्णताही आहे, जी मुळात द्रव्येच नव्हेत. चुनाही आहे, पण तो खरे तर संयुग असावा अशी शंका त्याने तेव्हाच व्यक्त केली होती. १८०८ मध्ये डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले आणि शंका खरी ठरली. पुढे मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली तिची पहिली पायरी म्हणजे ही यादी.

प्रत्येक रासायनिक क्रियेत आधीचे आणि नंतरचे द्रव्य समान असते, हा नियमही या ग्रंथात स्पष्ट शब्दांत आहे. मुले आज समीकरणे संतुलित करतात ती याच नियमावर.

सोरा आणि बंदुकीची दारू

त्याच्या नोकरीतला एक भाग आपल्या देशाशी जोडलेला आहे. बंदुकीच्या दारूत सर्वांत जास्त भाग सोऱ्याचा असतो, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तोच पुरवतो. उत्तम सोरा बिहारमधून मिळे, आणि तिथला व्यापार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला होता. सप्तवार्षिक युद्धात फ्रान्स हरला, भारतातले त्याचे बळ संपले आणि सोऱ्याची चणचण भासू लागली. फ्रान्समध्ये सोरा गोळा करणाऱ्यांना लोकांच्या घरात शिरून तळघरे खणण्याचा हक्क होता. जनता त्याने वैतागली होती.

१७७५ मध्ये सरकारने दारूगोळ्याचा कारभार खासगी मक्त्यातून काढून घेतला आणि चार अधिकारी नेमले. त्यांत लॅव्हाझिए होता. पॅरिसच्या शस्त्रागारात त्याला राहायला जागा मिळाली आणि तिथेच त्याने आपली प्रसिद्ध प्रयोगशाळा उभारली. घरे खणण्याची पद्धत आवरली गेली, सोरा तयार करण्याचे शास्त्रशुद्ध मार्ग शोधले गेले. काही वर्षांत फ्रेंच दारू उत्तम गणली जाऊ लागली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातही ती वापरली गेली. त्याच्या हाताखाली शिकलेला द्यू पाँ नावाचा तरुण पुढे अमेरिकेत गेला आणि त्याने दारूचा कारखाना काढला. तीच आजची ड्युपाँट कंपनी.

ऑक्टोबर १७८८ मध्ये एस्सोन येथे सोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट वापरून दारू बनवण्याचा प्रयत्न झाला. हा क्षार ऑक्सिजन फारच सहज सोडतो, नुसत्या घर्षणानेही भडकतो. लॅव्हाझिए, मारी-ॲन आणि बर्तोले तिथे हजर होते. ते थोडे दूर असतानाच स्फोट झाला आणि यंत्राजवळचे दोघे जण ठार झाले. हे तिघे वाचले.

बँक, क्रांती आणि खटला

१७८८ मध्ये लॅव्हाझिए 'केस द एस्काँत' या बँकेचा संचालक झाला. पुढे तिचे हिशेब त्याने राष्ट्रीय सभेपुढे मांडले. त्याच सुमारास ब्ल्वा भागात दुष्काळ पडला तेव्हा धान्य खरेदीसाठी त्याने स्वतःचे पैसे बिनव्याजी दिले. १७८९ च्या क्रांतीचे त्याने सुरुवातीला स्वागत केले. १७९१ मध्ये तो सरकारी खजिन्याचा आयुक्त झाला. देशाच्या शेतीचे उत्पन्न किती, याचा अंदाज बांधणारा ग्रंथ त्याने लिहिला. आपण आज वापरतो त्या मीटर-किलोग्रॅम पद्धतीच्या कामातही तो होता.

पण लोकांच्या मनात तो मक्तेदारच होता. पॅरिसभोवती जकातीसाठी एक भिंत बांधण्यात आली होती. शहरभर जकात नाके उभे राहिले होते. ही कल्पना लॅव्हाझिएची होती, आणि भिंतीमुळे शहराची हवा कोंडते असे लोक बोलत. क्रांतीतला जहाल पुढारी मारा हा एके काळी शास्त्रज्ञ होऊ पाहत होता, पण त्याच्या अग्नीविषयीच्या कामाला अकादमीची मान्यता मिळाली नव्हती. १७९१ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रातून लॅव्हाझिएवर जहरी टीका केली.

१७९१ मध्ये मक्ता रद्द झाला. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बंद करण्यात आली. नोव्हेंबरमध्ये सर्व माजी मक्तेदारांना अटक करण्याचा हुकूम निघाला. लॅव्हाझिए काही दिवस लपला, पण २८ नोव्हेंबरला सासऱ्यासह स्वतः हजर झाला. हिशेब चोख आहेत, ते दाखवले की सुटका होईल, असा त्याचा भरवसा असावा. कैदेत या लोकांना वह्या देण्यात आल्या, आणि थंडीच्या त्या दिवसांत त्यांनी सगळा ताळेबंद पुरा केला. पूर्वी मक्त्यातच नोकरी केलेला द्युपँ नावाचा एक लोकप्रतिनिधी मात्र त्यांच्याविरुद्ध अहवाल तयार करत होता. तंबाखूत जास्त पाणी मारले, व्याज जास्त घेतले, सरकारचे पैसे अडकवले, असे आरोप त्यात होते.

८ मे १७९४ रोजी क्रांतिकारी न्यायालयात खटला उभा राहिला. पैशाच्या आरोपांना देहदंड बसत नाही म्हणून ते देशाच्या शत्रूंशी कट केल्याच्या आरोपात बसवले गेले. काही तासांत निकाल लागला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटिनवर चढवण्यात आले. मारी-ॲनचे वडील तिसरे, तिचा नवरा चौथा. लॅव्हाझिए पन्नास वर्षांचा होता.

या प्रसंगाविषयी दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरत असतात. एक, प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही असे न्यायाधीश म्हणाल्याची. दुसरी, शिर तुटल्यावर जाणीव किती वेळ राहते हे पाहण्यासाठी त्याने डोळे मिचकावल्याची. दोन्हींना त्या काळच्या कागदपत्रांत आधार नाही. त्या पुढे पाठवू नयेत. जे खरोखर घडले तेच पुरेसे भयंकर आहे.

नंतर

राजवट पालटली. १७९५ मध्ये मारी-ॲन आणि इतर मक्तेदारांच्या वारसांनी द्युपँविरुद्ध तक्रार केली, आणि त्यालाही अटक झाली. लॅव्हाझिएला अन्यायाने शिक्षा झाल्याचे सरकारने मान्य केले, जप्त केलेले सामान विधवेला परत केले. पुढे हिशेबांची सावकाश तपासणी झाली तेव्हा मक्तेदारांकडे सरकारचे येणे निघाले नाही, उलट सरकारच त्यांचे देणे लागत होते.

याचा अर्थ मक्ता ही पद्धत चांगली होती असा नाही. रयतेवरचा जुलूम खरा होता आणि त्या जुलमाच्या उत्पन्नात लॅव्हाझिएचा वाटा होता. पण पद्धत वाईट असणे आणि वहीत अफरातफर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या न्यायालयाला पहिलीचा राग होता, आणि त्यांनी शिक्षा दिली दुसरीची, तीही वही न पाहता. ज्यांनी कधी खातेनिहाय चौकशी पाहिली आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

मारी-ॲनने त्याचे अपुरे राहिलेले निबंध एकत्र करून प्रसिद्ध केले. तिने नंतर रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी लग्न केले, पण पहिल्या नवऱ्याचे नाव तिने सोडले नाही, आणि तो संसार थोड्याच वर्षांत मोडला. १८३६ मध्ये तिचे निधन झाले. दाव्हिदने काढलेले त्या दोघांचे मोठे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. टेबलावर काचेची उपकरणे, लॅव्हाझिए लिहिता लिहिता मान वर करून पत्नीकडे पाहतो आहे आणि ती मात्र थेट आपल्याकडे पाहते आहे.

त्याचे तराजू पॅरिसच्या आर्त ए मेतिए संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे युरोपात शिकायला, नोकरीला आहेत. त्यांना भेटायला जाल तेव्हा आयफेल टॉवर पाहालच. त्यावर कोरलेल्या ७२ नावांत लॅव्हाझिएचे नाव आहे. पण एक सकाळ त्या तराजूंसाठीही राखून ठेवा.